रोज वजन करणं म्हणजे फुकटचा डोक्याला ताप. काटा माळ्यावर टाका!

सातरस्ता_सई
माझी जाऊ सध्या वजन उतरवतेय. सकाळी डोळे उघडले की आधी काटा, मग चूळ. परवा रविवारी आम्ही सगळे अक्कलकोट रोडला मळ्यावर हुरड्याला गेलो होतो. हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ, झणझणीत वांगं आणि कडक भाकरी. सोमवारी सकाळी काटा 1.3 किलोने वर! झालं. नाश्ता बंद, दुपारी नुसती काकडी, संध्याकाळी पोरांवर आरडाओरडा आणि रात्री ओट्यापाशी उभ्या उभ्या अर्धा डबा फरसाण. मंगळवारीही काटा हलला नाही म्हटल्यावर "माझ्या अंगालाच लागत नाही काही" म्हणून सगळंच सोडलं.

आता हिशोब बघा. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी. 100 ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास 570. म्हणजे एका दिवसात एक किलो चरबी चढवायची तर नेहमीच्या जेवणाच्या वर सव्वा किलोहून जास्त शेंगदाणे एकटीने संपवायला हवेत. तिने काही तेवढे संपवले नाहीत, मी शेजारीच बसले होते. मग जे वाढलं ते काय? पाणी, मीठ आणि पोटातलं जेवण. पिशवीसकट ज्वारी तोलायची आणि पिशवी भिजली की ज्वारी वाढली म्हणायचं, असला प्रकार आहे हा.

माझं स्पष्ट मत: पंधरा दिवसांतून एकदा वजन करा, एरवी काटा माळ्यावर.

चादरवाला
निदान बरोबर, औषध चूक. वजन रोज हलतं हे मान्य. पण म्हणूनच पंधरा दिवसांतून एकदा बघणं जास्त धोक्याचं! माझ्या भावाच्या वहीतले आकडे देतो, सोमवार ते रविवार.

पहिला आठवडा: 78.4, 78.9, 78.1, 79.2, 78.6, 78.0, 78.3. सरासरी 78.5.
दुसरा आठवडा: 78.2, 78.7, 77.8, 78.1, 77.9, 78.4, 77.7. सरासरी 78.1.

सरासरी 400 ग्रॅमने उतरली. आता समजा तो फक्त शनिवारी वजन करणारा असता. पहिला शनिवार 78.0, दुसरा 78.4. म्हणजे आठवडाभर भाकरी मोजून खाल्ली, संभाजी तलावाला फेऱ्या मारल्या आणि हाती काय, तर "400 ग्रॅम वाढलं"! रोज मोजतो म्हणून तो वाचला. तुमच्या जाऊबाईंचा पंधरा दिवसांनी येणारा वार नेमका हुरड्यानंतरचा निघाला तर?

सातरस्ता_सई
@चादरवाला, तुमचा भाऊ वही घालतो, सरासरी काढतो. शंभरात अशी किती माणसं? आमच्याकडे आकडा बघून आधी तोंड उतरतं, सरासरी दुपारपर्यंत कुणाला आठवत नाही.

बे_सोलापूरकर
काय करलालाव बे तुम्ही लोक! एवढ्या सरासऱ्या आम्ही दहावीला काढल्या असत्या तर गणितात पास झालो असतो. पायजम्याची नाडी बघा. मागच्या महिन्यापेक्षा जास्त लोंबली का, झालं काम.

वॉर्डातली_ताई
नर्स आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

सलाईनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं. शरीरात पेशींबाहेरच्या पाण्यात मिठाचं प्रमाण याच्या आसपास राखलं जातं. शेंगाचटणी, लोणचं, पापड, वर पार्क चौकातली भेळ असं झालं की जादाचं मीठ पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं ते एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात आणि काटा आपोआप खाली येतो. त्यासाठी उपाशी राहायची काही गरज नसते.

दुसरं, ग्लायकोजेन. भाकरी-भातातली साखर यकृत आणि स्नायूंत साठते, सगळी मिळून अंदाजे अर्धा किलो, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. भाकरी बंद केली की हा साठा आणि त्याचं पाणी आधी जातं. "आठवड्यात तीन किलो कमी" अशा जाहिरातींमागचं गुपित बहुतेक वेळा एवढंच असतं. पैसे तुम्ही पाण्याचे देता.

आता सईताई, तुमच्याशी एक मतभेद. हृदय कमजोर झालेल्या पेशंटना आम्ही रोज सकाळी वजन करायलाच सांगतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना लगेच कळवायचं. अशांनी हा धागा वाचून काटा माळ्यावर टाकू नये!

सातरस्ता_सई
ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. पण ती आजारपणातली देखरेख झाली. मी धडधाकट माणसांबद्दल बोलतेय.

जुळेसोलापूर_मेघा
बायकांचा मुद्दा कुणीच काढला नाही. पाळीच्या आधीचे काही दिवस अंगाला सूज असते, अंगठी घट्ट होते, वजन किलो-दीड किलोने वर. तेव्हा चादरवाल्यांची आठवड्याची सरासरीसुद्धा फसवते. मी या महिन्याचा पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघते.

आणि दुसरी गोष्ट, थोडी नाजूक. माझ्या मामेबहिणीला आकड्याचं वेडच लागलं होतं. पाणी प्यायच्या आधी वजन, नंतर वजन, जेवून उलटी काढण्यापर्यंत गेलं. तिला समुपदेशकाकडे न्यावं लागलं. अशा माणसाला "रोज मोज आणि सरासरी काढ" सांगणं म्हणजे आगीत तेल. इथे मी सईच्या बाजूने.

चादरवाला
मेघाताई, पाळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, तिथे काटा घरातच नको. पण बाकीच्यांना काटा बघायला घाबरवू नका एवढंच म्हणणं. रोज बघितला की माणूस निबर होतो. आज 700 ग्रॅम वर? असू दे, काल पंगत होती. चार वेळा असा वर जाऊन खाली आला की पाचव्यांदा छातीत धस्स होत नाही. महिन्यातून एकदा बघणाऱ्याला प्रत्येक वेळी बोर्डाचा निकाल लागल्यागत वाटतं.

कडक_भाकरी
दोघांनाही एक विचारतो: काटा ठेवता कुठे? आमच्या जुन्या वाड्यात शहाबादी फरशी. खोलीत एका जागी 82.1, उंबऱ्याजवळ 81.3, त्याच मिनिटाला! फरशी सपाट नसली की काट्याचा एक पाय अधांतरी राहतो. आई मात्र गादीच्या कडेला काटा ठेवून खूश, तिथे सगळ्यात कमी भरतं म्हणे.

वॉर्डातली_ताई
जागा एकच, वेळ एकच: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. 43-44 अंशांत दुपारभर घाम गाळून संध्याकाळी वजन केलंत तर किलोभर कमी दिसेलही, ती चरबी नव्हे. त्या आनंदात पाणी कमी पिऊ नका, उन्हाळ्यात असे पेशंट दरवर्षी बघते.

सातरस्ता_सई
जावेला हा धागा दाखवला. ती चादरवाल्यांच्या बाजूची निघाली, घरचाच आहेर! म्हणते, "मी रोजच बघणार, पण आकडा तुम्ही लिहा, मला रविवारी फक्त सरासरी सांगा." म्हणजे ती डोळे मिटून काट्यावर आणि मी वही घेऊन समोर. मला अजूनही हे रोजचं पटत नाही, आणि वर कारकुनी माझ्याच गळ्यात.

बे_सोलापूरकर
सई वहिनी, पगार ठरवून घ्या आधी. आणि पुढच्या हुरड्याला आम्हाला बोलवा, सव्वा किलो शेंगदाण्यांचं मी बघतो.