सेसना 150 मध्ये एडीएस-बी बसवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि एका मित्रासह भागीदारीत 1975 सालचे सेसना 150 विमान विकत घेण्याच्या विचारात आहे. इंजिन, सांगाडा आणि देखभालीच्या नोंदवह्या मेकॅनिकने तपासल्या असून त्या समाधानकारक आहेत. मात्र विमानात जुना मोड-सी ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाचा संकेतांक आणि उंची कळवणारे यंत्र) असला, तरी एडीएस-बी आउट (उपग्रहांच्या साहाय्याने ठरवलेले विमानाचे स्थान सतत प्रक्षेपित करणारी यंत्रणा) नाही. न्यूयॉर्कच्या मोठ्या विमानतळांभोवतीच्या 30 सागरी मैलांच्या परिघात ते 1 जानेवारी 2020 पासून सक्तीचे आहे आणि आमचा तळ नेमका त्याच परिघात येतो.

शेपटीच्या दिव्याच्या जागी बसणारे 978 मेगाहर्ट्‌झचे एडीएस-बी उपकरण कमी खर्चाचे आहे व त्यासाठी पॅनेल उघडावे लागत नाही. परंतु ते संकेतांक आणि उंची जुन्या ट्रान्सपॉन्डरच्याच प्रक्षेपणातून टिपते, त्यामुळे इतक्या जुन्या यंत्रावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. एडीएस-बी आउट असलेला 1090 मेगाहर्ट्‌झचा नवा ट्रान्सपॉन्डर महाग पडेल, पण तो अमेरिकेबाहेरही चालतो आणि जुने जड यंत्र काढता येते. ज्या विमानाचे कमाल उड्डाण-वजन 1,600 पौंड आहे, त्यात दोन प्रौढ बसल्यावर प्रत्येक पौंड मोलाचा ठरतो.

आपल्यापैकी कोणी जुन्या सेसनामध्ये शेपटीचे उपकरण वापरले असल्यास उंचीची माहिती सातत्याने बरोबर जाते का, हे कृपया सांगावे. नवा ट्रान्सपॉन्डर बसवताना उंची कळवणारा एन्कोडर आणि अँटेनाची वायर बदलावी लागली का, हेही कळवल्यास विक्रेत्याशी किंमत ठरवताना आम्हाला फार मदत होईल.