शंभर पुस्तकांची यादी आणि ख्रिस्ती घरातले कपाट

रविवारचा वाचक

परवा ‘खडकावरचे घर’ या नावाने इथे लिहिणाऱ्या सभासदांनी ‘ख्रिस्ती घरासाठी आवश्यक शंभर पुस्तके’ अशी यादी मांडली. तिचे तीन नियम होते. आधी संपूर्ण बायबलवरील भाष्यांचे मोठे संच घ्यावेत, आपल्या मंडळीच्या शिकवणीबाहेरचे पुस्तक कपाटात ठेवू नये आणि कल्पित कथांना घरात थारा देऊ नये. ती यादी मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

माझ्या वडिलांचे पुस्तकांचे कपाट काचेचे होते आणि त्याची किल्ली त्यांच्या उशाखाली असे. त्यात बारा खंडांचे एक भाष्य होते व घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे आदराने पाही. वडिलांच्या पश्चात ते कपाट रिकामे करताना पहिल्या खंडात उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायापर्यंत पेन्सिलीच्या खुणा सापडल्या. चौथ्या खंडापासून पुढची पाने मात्र छापखान्यातून आली तशीच एकमेकांना चिकटलेली होती. त्यांचे रोजचे बायबल कपाटाच्या वर, कुलपाबाहेर असे. त्यातल्या ९१व्या स्तोत्राचे पान अंगठ्याच्या घामाने तपकिरी पडले होते आणि समासात बारीक अक्षरात तारखा होत्या: आईच्या शस्त्रक्रियेची, माझ्या परीक्षेची, धाकट्या भावाच्या दफनाची. माझा विश्वास कुठून आला असे कोणी विचारले तर मी त्या पानाकडे बोट दाखवीन, त्या बारा खंडांकडे नाही.

इंग्रज उपदेशक जॉन बनयन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे ताट आणि चमचाही नव्हता, पण पत्नीने वडिलांकडून मिळालेली दोन भक्तिपर पुस्तके आणली होती आणि ती दोघे मिळून वाचत. पुढे १६७८ मध्ये याच माणसाने यात्रेकरूच्या प्रवासाचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हे रूपक प्रसिद्ध केले, जे पिढ्यान्‌पिढ्या बायबलच्या शेजारी ठेवले गेले. यादीचा तिसरा नियम लावला तर हे पुस्तक घराबाहेर जाते, कारण ती कल्पित कथाच आहे. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी कथेला एवढे का भ्यावे, हे मला कळत नाही.

माझ्या मते बायबलची दोन भाषांतरे, कोणता शब्द बायबलात कुठे येतो हे दाखवणारी एक चांगली शब्दसूची, एका खंडातले भाष्य, मंडळीच्या इतिहासाचे एक पुस्तक, गीतांचे पुस्तक आणि दोन-तीन जीवनचरित्रे एवढ्याने सुरुवात पुरेशी होते. त्यापुढचे पुस्तक आधीचे वाचून झाल्यावरच घ्यावे.

खडकावरचे घर

आपल्या वडिलांविषयीचा आदर मला समजतो, परंतु ज्या घरात केवळ बायबल होते आणि ते उलगडून सांगणारे काहीही नव्हते, अशा घरात मी वाढलो. मी अकरा वर्षांचा असताना एक फिरता उपदेशक आमच्याकडे येऊ लागला. त्याच्या पिशवीत पातळ पुस्तिका असत आणि त्यांत प्रभूच्या पुनरागमनाचे वर्ष छापलेले असे. आईने त्याला मत्तय २४:३६ दाखवले, कारण त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हे वचन तिला पाठ होते. त्याने हसून सांगितले की दिवस आणि घटका कळत नाही, वर्ष मात्र कळते. यावर काय बोलावे हे तिला सुचले नाही. साठवलेले सगळे पैसे तिने त्याच्या कार्याला दिले. ते वर्ष आले आणि गेले. त्यानंतर आई कित्येक महिने उपासनेला गेली नाही. देवावर ती रागावली नव्हती, तिला लोकांसमोर जाण्याची लाज वाटत होती.

त्या अध्यायावरचे एखादे जबाबदार भाष्य आमच्या फळीवर असते, तर निदान तिला चार दिवस थांबून विचार करता आला असता. म्हणून मी संच आधी घ्या म्हणतो. बारावा खंड कोणी वाचत नाही, हे मलाही ठाऊक आहे, पण ज्या रात्री प्रश्न पडतो त्या रात्री नेमका तोच खंड हवा असतो. मॅथ्यू हेन्री या पाळकांचे बायबलवरचे भाष्य घ्या. १७१४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकापर्यंतच पोहोचले होते आणि पत्रांवरचा भाग इतर पाळकांनी पूर्ण केला. एका आयुष्यात जे लिहून संपले नाही, ते एका आयुष्यात वाचून संपावे अशी अट आपण का घालता?

मेणबत्ती

मी मिस्साला जाणाऱ्या, म्हणजे कॅथलिक, घरातली आहे आणि ही चर्चा वाचताना नेहमीचीच एक गोष्ट खटकली. ‘बायबलची दोन भाषांतरे घ्या’ असे लिहिताना कोणते बायबल, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही. प्रोटेस्टंटांचे ६६ पुस्तकांचे की आमचे ७३ पुस्तकांचे? तोबीत, यहूदीथ, प्रज्ञाग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके प्रत्येक यादीतून न बोलता वगळली जातात, आणि मग ‘ख्रिस्ती घर’ या शब्दांत आमचे घर पाहुण्यासारखे उभे राहते.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. योहान १०:२२ मध्ये हिवाळ्यातल्या एका सणाचा उल्लेख आहे, मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण. तो मोशेच्या नियमशास्त्रात कुठेही नाही. त्याची कथा मक्काबींच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. अंतिओखस राजाने वेदी भ्रष्ट केली होती, यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी इ. स. पूर्व १६४ मध्ये ती नव्याने उभारून मंदिर शुद्ध केले. त्याच सणाच्या दिवसांत, त्याच मंदिरात उभे राहून प्रभू म्हणतो की पित्याने मला पवित्र करून जगात पाठवले. मंदिराचे समर्पण साजरे करणाऱ्या लोकांसमोर हे शब्द कसे आदळले असतील, ते मक्काबी वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्या शंभर पुस्तकांत त्यासाठी जागा नाही, हे मला दुःखाचे वाटते.

बनयन यांच्या घरातल्या दोन पुस्तकांवरून आणखी एक आठवले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले संत इग्नेशियस लोयोला घरी पडून होते, तेव्हा त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात मिळाल्या नाहीत. मिळाले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. त्यांच्या परिवर्तनाची सुरुवात तिथून झाली.

खडकावरचे घर

इग्नेशियस यांचा दाखला दिल्याबद्दल मी ताईंचे आभार मानतो, कारण तो माझ्याच बाजूने बोलतो. त्या कादंबऱ्या घरात असत्या तर त्यांनी त्याच वाचल्या असत्या. आजारी, कंटाळलेला, कोवळ्या मनाचा माणूस हाताशी असेल तेच उचलतो, म्हणून हाताशी काय ठेवायचे हे घरातल्या मोठ्यांनी ठरवलेच पाहिजे.

त्या सात पुस्तकांविषयी मात्र मी मागे हटणार नाही. इब्री शास्त्रात ती नव्हती आणि लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोम यांनीच त्यांना प्रमाण ग्रंथांपासून वेगळे ठेवले होते. १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले, तेही मृतांसाठी प्रार्थनेचा वाद पेटलेला असताना आणि त्या प्रार्थनेचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात असताना. माझ्या मुलांनी कपाटातले प्रत्येक पान देवाचे वचन समजावे, हे मला मान्य नाही.

मेणबत्ती

आपण इतिहासाचे अर्धेच पान उघडता आणि उरलेले अर्धे हाताने झाकून धरता. ट्रेंटच्या कितीतरी आधी, ३९७ मध्ये, कार्थेजच्या परिषदेच्या यादीत ही पुस्तके होती आणि संत ऑगस्टीन त्यांच्या बाजूने उभे होते. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथर यांच्या १५३४ च्या जर्मन बायबलात ती छापलेली होती. शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचण्यास उपयुक्त आणि चांगली आहेत, असे त्यांनी वर लिहिले. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये होती. ब्रिटनच्या बायबल सोसायटीने १८२६ मध्ये त्यांच्या छपाईला पैसे देणे थांबवले आणि त्यानंतर कितीतरी घरांना ती पुस्तके डोळ्यांनीही दिसली नाहीत. ल्यूथर यांच्या घरात जे चालत होते ते आपल्या घरात विष कसे ठरते?

माझी आजी शेवटच्या आजारात तोबीतचे पुस्तक ऐकत असे. आंधळा बाप, प्रवासाला निघालेला मुलगा आणि बरोबर चालणारे कुत्रे. तिचा मुलगाही दूर होता. त्या पानांवरून प्रमाण-अप्रमाणाचा निकाल देण्याआधी आपण ती एकदा वाचावीत, एवढीच विनंती आहे. न वाचता बंदी घालणाऱ्या माणसाचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

खडकावरचे घर

मी ती वाचलेली नाहीत, असे आपण कशावरून ठरवले? मक्काबींचे पहिले पुस्तक मी वाचले आहे. इतिहास म्हणून ते मला आवडले. आईच्या बाबतीत जे घडले ते पाहिलेल्या माणसाने ‘उपयुक्त’ आणि ‘प्रमाण’ यांच्यातली भिंत जपली, तर त्याला अज्ञानी ठरवू नये.

दोन मुलांची आई

आपण दोघांनी थोडा वेळ थांबावे. मूळ प्रश्न घरातल्या कपाटाचा आहे आणि कपाटापुढे मुले उभी असतात.

माझी तक्रार वेगळी आहे. शंभरपैकी पंधरा पुस्तके मिशनऱ्यांची आणि थोर सेवकांची चरित्रे आहेत, आणि त्यांपैकी जी मी वाचली त्यांतल्या बहुतेकांत नायक कधी चिडत नाही, कर्जात बुडत नाही, बायकोवर आवाज चढवत नाही. माझ्या मुलीने नवव्या वर्षी असे एक चरित्र मिटून विचारले, “आई, यांना राग येतच नव्हता का? मग मी ख्रिस्ती नाही का?” त्या दिवशी ते पुस्तक मी वरच्या फळीवर ठेवले आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिला वाचून दाखवायला घेतली. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा तापटपणा, त्यांचा हात सैल असल्यामुळे संसाराची होणारी ओढाताण, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्यापासून दूर काढलेली वर्षे आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे सगळे लक्ष्मीबाईंनी काही न झाकता लिहिले आहे. माझी मुलगी मध्येच हसली आणि एका ठिकाणी रडली. विश्वास माणसांच्या घरात राहतो, हे तिला कळले. एवढी मोठी यादी, आणि आपल्या भाषेत मुळातून लिहिलेले हे पुस्तक तिच्यात नाही. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये प्रथम छापलेले क्रिस्तपुराण ओव्यांत आहे, मोठ्याने वाचण्यासाठी आहे, तेही नाही. यादी भाषांतरितांनी भरली की मुलांना वाटते, देव दुसऱ्याच भाषेत बोलतो आणि आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतो.

‘शिकवणीबाहेरचे काहीही नको’ या दुसऱ्या नियमाविषयी मी एवढेच म्हणेन की अथेन्समध्ये प्रेषित पौलाने तिथल्याच कवींची ओळ उद्धृत केली. ती त्याने कुठेतरी वाचली किंवा ऐकली असणारच.

नवा सभासद

फोनमध्ये सगळी भाषांतरे, भाष्ये आणि शब्दसूची मिळत असताना कपाट कशासाठी हवे, असा प्रश्न मला पडला आहे. माझा अभ्यास तरी तिथेच होतो.

रविवारचा वाचक

नव्या सभासदांनी वाचत राहावे, फोनवरचे वाचनही वाचनच आहे. पण माझ्या वडिलांच्या बायबलातली ती तपकिरी खूण फोनवर उमटली नसती आणि मला कधी सापडलीही नसती.

‘खडकावरचे घर’ यांना दोन गोष्टी कबूल करतो, जरी सहज करत नाही. त्यांच्या आईची गोष्ट वाचल्यावर ‘आधीचे संपल्याशिवाय पुढचे घेऊ नये’ हा माझा नियम मला कच्चा वाटू लागला आहे, कारण संदर्भग्रंथ वाचून संपवण्यासाठी नसतो. इग्नेशियस यांच्या दाखल्याचाही त्यांनी लावलेला अर्थ मला खोडता आला नाही. मात्र त्यावरून कथांवर सरसकट बंदी निघत नाही. त्या घरात संतांच्या कथा होत्या, आणि त्याही कथाच होत्या.

आणि पौल बंदिवासातून आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा आण, पुस्तकेही आण, विशेषेकरून चर्मपत्रे आण. मृत्यू समोर दिसत असताना त्याने पुस्तके मागितली. ती कोणती होती हे त्याने सांगितले नाही, त्यामुळे आपल्यापैकी कोणालाही ती स्वतःच्या यादीत बसवता येणार नाहीत.

खडकावरचे घर

यादीतून भाष्यांचे चार संच मी काढतो आहे, कारण त्यांतले दोन मी स्वतः उघडलेले नाहीत आणि हे इथे मान्य करणे मला जड जाते. त्या जागी ‘स्मृतिचित्रे’ आणि बनयन यांचे रूपक येईल. इतर कादंबऱ्यांबद्दल माझे मत बदललेले नाही. मक्काबी घेईन, पण इतिहासाच्या फळीवर, बायबलच्या फळीवर नाही.

मेणबत्ती

फळी आपली आहे, ती आपण ठरवावी. फक्त ते पुस्तक मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर ठेवावे, आणि पुढच्या वेळी योहानाच्या दहाव्या अध्यायावर घरी वाचन होईल तेव्हा मक्काबींचा चौथा अध्याय आधी काढावा. तोबीतची एक जादा प्रत माझ्याकडे आहे, आपण म्हणालात तर देते.

खडकावरचे घर

द्यावी. वाचून परत करीन.