गेटजवळचा मलबा (इंदूरच्या सोसायटीचा ग्रुप)

कुलकर्णी काकू, ए-१०१ (सकाळी ६:५२)
सुप्रभात. रात्री पुन्हा कोणीतरी गेटच्या डाव्या बाजूला मलबा टाकलाय. या वेळी बोऱ्याही नाहीत, मोकळाच ओतलाय. गुलाबी टाइल्स, फुटक्या कमोडचे तुकडे, आणि मधूनच सळयांची टोकं वर आलेली. आमच्या ह्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं हे सगळ्यांना माहीत आहे. दूध आणायला निघाले होते, थोडक्यात वाचले. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी आज संध्याकाळपर्यंत उचलावा. नाव घेत नाही.

अनघा, बी-१०२ (६:५८)
काकू, गुलाबी टाइल्स अख्ख्या सोसायटीत एकाच बाथरूममध्ये होत्या 😄 काका ठीक आहेत ना?

परांजपे काका, बी-२०१ (७:०३)
मलब्याचं नंतर बघू. आधी लिफ्टमधून बोऱ्या नेणं बंद करा. दाराच्या खाचेत वाळू जाते आणि दार अडकतं.

दाते, बी-३०२ (७:२०)
काकू, नाव घेतलंत तरी चाललं असतं. काम माझंच चालू आहे, सोसायटीला पत्र देऊन. मलबा उचलायचे पैसे ठेकेदाराच्या रकमेतच धरलेत. ट्रॉली काल यायची होती, आली नाही. गेटबाहेर ओता असं मी कोणाला सांगितलेलं नाही. आणि ती जागा सोसायटीची नाही, रस्त्याची आहे.

मोघे (सचिव), ए-२०२ (७:३१)
दाते साहेब, रस्त्याची आहे म्हणूनच जास्त अडचण आहे. आवारात असता तर आपल्यातला विषय होता. रस्त्यावर मलबा दिसला आणि निगमचा सफाई दरोगा आला तर दंडाची पावती कोणाच्या नावानं फाटेल? कृपया लवकर बघा 🙏

दाते, बी-३०२ (७:३४)
बघतो म्हटलंय ना. पंपरूममागे गच्चीचा जुना कोबा फोडलेला पडलाय, तो कोणाच्या नावानं आहे तेही एकदा ग्रुपवर सांगा.

शिंदे, बी-२०४ (७:३६)
👆 हे मी मागच्या सभेत विचारलं होतं. भाडेकरूंनी बोलू नये असं उत्तर मिळालं होतं.

खेर, ए-४०२ (७:४९)
मी सचिव असताना वॉटरप्रूफिंग झालं म्हणून दर वेळी मला मध्ये ओढायचं कारण नाही. गच्ची गळत होती तेव्हा सगळे रोज फोन करायचे. काम झालं, गळती थांबली, आता कोबा आठवतोय. उचलायचा ठराव मी मांडला होता, पैसे मंजूर झाले नाहीत. इतिवृत्त काढून बघा.

परांजपे काका, बी-२०१ (७:५२)
लिफ्टचं कोणी उत्तर दिलं नाही.

करमरकर, ए-३०३ (८:१५)
सर्वांना नमस्कार. बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाचावं ही विनंती.
घर फोडल्यावर निघालेला मलबा ज्याच्या घरातून निघाला त्याची जबाबदारी. २०१६ साली केंद्रानं बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम काढले, तेव्हापासून हेच आहे. मलबा स्वतःच्या आवारात ठेवायचा किंवा निगमनं ठरवलेल्या ठिकाणी पोचवायचा, वाहतुकीला, लोकांना आणि नाल्याला अडथळा होऊ द्यायचा नाही, आणि उचलण्याचं शुल्क भरायचं. ठेकेदाराला पैसे दिले म्हणजे आपण सुटलो, असं नाही.
दुसरं म्हणजे, गेटच्या डाव्या बाजूला आपल्या रिचार्ज पिटची, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याची, जाळी आहे. आत्ता खाली जाऊन बघून आलो. ढिगाची एक बाजू जाळीवर आली आहे आणि सिमेंटची पांढरी पूड आत उतरली आहे. पहिला जोराचा पाऊस आला की ही पूड गिट्टी-वाळूच्या थरात जाऊन बसणार. मग पाणी बोअरमध्ये उतरायच्या ऐवजी पार्किंगमध्ये साचेल. मे महिन्यात टँकरसाठी कोण कोण भांडत होतं ते मी लिहीत नाही.

कुलकर्णी काकू, ए-१०१ (८:१९)
करमरकर साहेब, अगदी बरोबर बोललात 🙏 जाळीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दाते, बी-३०२ (८:३०)
साहेब, आदर राखून सांगतो. ते नियम मोठ्या बिल्डरांसाठी आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे नियमही २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांसाठी आहेत. माझं एक बाथरूम आणि किचनचा ओटा आहे.

करमरकर, ए-३०३ (८:४४)
दाते, अर्धं बरोबर आहे. २०,००० चौरस मीटरवाल्यांना नोंदणी करावी लागते आणि रिसायकलिंगचं ठरवून दिलेलं प्रमाण गाठावं लागतं. ते तुम्हाला नाही. २०१६ च्या नियमांतही दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर मलबा काढणाऱ्यालाच आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागायचा. तेही तुम्हाला नाही. पण रस्त्यावर आणि नाल्यात टाकू नये, हे छोट्या घरालाही लागू आहेच. शहरातला बराचसा मलबा तुमच्यासारख्या बाथरूम-ओट्यांच्या कामातूनच निघतो. मोठ्या बिल्डरकडे निदान माणसं असतात, विचारायला जागा असते. फ्लॅटमधला मलबा रात्रीतून गायब होतो आणि कुठे गेला हे मालकालाही माहीत नसतं.

अनघा, बी-१०२ (८:५१)
खरंय. स्वस्तातली ट्रॉली कुठे रिकामी होते हे कोणी विचारतं का? रिकामा प्लॉट, नाहीतर नाला. आणि आपण परगावच्या पाहुण्यांना मिरवून सांगतो की इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं. सुका, ओला, सॅनिटरी सगळं वेगवेगळं देतो, आणि मलबा मात्र अंधारात. मला हे मनापासून लागतं.

परांजपे काका, बी-२०१ (८:५३)
लिफ्टची खाच काल मी स्वतः ब्रशनं साफ केली. मूठभर वाळू निघाली. फोटो टाकतो.

मोघे (सचिव), ए-२०२ (८:५५)
काका, फोटो मिळाला. मॅट टाकायला सांगतो.

परांजपे काका, बी-२०१ (८:५६)
मॅटनं होत नाही. जिन्यानं न्या.

शिंदे, बी-२०४ (८:५८)
तिसऱ्या मजल्यावरून तगाऱ्या जिन्यानं उतरवणाऱ्या मजुराचे पैसे काका देणार का?

परांजपे काका, बी-२०१ (८:५९)
मालकांशी बोलतोय.

शिंदे, बी-२०४ (९:००)
हेच. नऊ वर्षं राहतोय इथे.

कुलकर्णी काकू, ए-१०१ (९:०२)
शिंदे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. परांजपे भावजी, पोहे गार होतायत म्हणून वहिनी मघापासून हाका मारतायत, मला खालपर्यंत ऐकू येतंय.

खेर, ए-४०२ (९:१५)
या मलब्याचं पुढे होतं तरी काय? देवगुराडियाला नेऊन खड्ड्यातच टाकतात ना? मग नाला काय आणि खड्डा काय.

करमरकर, ए-३०३ (९:४०)
खेर, तसं नाही. देवगुराडियाला मलब्याचा प्लांट आहे, रोज १०० टनांच्या क्षमतेचा. आधी लाकूड-प्लॅस्टिक बाजूला काढतात, मग क्रशरमध्ये तुकडे होतात, चुंबकानं सळई ओढून घेतात, चाळण्यांवर बारीक-जाड वेगळं होतं. त्यातून गिट्टी, वाळू आणि पुढे पेव्हर ब्लॉक निघतात. ही कच्ची वस्तू नव्हे. काँक्रीटच्या गिट्टी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या मानकात २०१६ पासून काँक्रीटच्या मलब्यातली गिट्टी वापरायला परवानगी आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ ग्रेडपर्यंत २० टक्के, आणि पायाखालच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्लांट चालतो.
अट एकच, माल मिसळलेला नको. दाते, तुमच्या ढिगात पीओपीचे पांढरे तुकडे दिसले. पीओपी म्हणजे जिप्सम. ते गिट्टीत गेलं की त्यातला सल्फेट सिमेंटशी भांडतो, काँक्रीट फुगतं आणि तडकतं. एका बोरीभर पीओपीनं सगळी ट्रॉली बिघडते. म्हणून वीट-प्लास्टर एकीकडे, काँक्रीट एकीकडे, माती वेगळी, सळई-लाकूड-प्लॅस्टिक वेगळं. मिस्त्रीला सब्बल उचलायच्या आधी सांगितलं तर होतं, नंतर कोणी निवडत बसत नाही.

दाते, बी-३०२ (९:५२)
हे मला कोणी आधी सांगितलंच नाही. सोसायटीनं परवानगीच्या पत्रावर सही केली तेव्हा फक्त दुपारी २ ते ४ ठोकाठोक नको, एवढंच लिहिलं होतं.

अनघा, बी-१०२ (९:५५)
दाते दादा, सळई आणि जुने नळ भंगार घेणाऱ्या अटालेवाल्याला दिलेत ना?

दाते, बी-३०२ (९:५६)
ते मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी नेले.

कुलकर्णी काकू, ए-१०१ (९:५८)
बघा. जे विकलं जातं ते लगेच जातं, उरलेलं माझ्या खिडकीखाली. बाल्कनीवरचा जुना सिमेंटचा पत्रा पण काढलात का?

करमरकर, ए-३०३ (१०:०४)
तो पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल तर फोडू नका, कापू नका. आख्खाच उतरवा, ओला करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि बाकी मलब्यात घालू नका. त्याचे तंतू फुप्फुसात जातात. मुलं खाली खेळतात.

दाते, बी-३०२ (१०:१०)
पत्रा अजून जागेवरच आहे. मिस्त्रीला थांबवलं. निगमच्या ३११ ॲपवर मलबा उचलायची नोंद करतो. ठेकेदाराच्या ट्रॉलीला आता येऊ नको म्हणून सांगितलं, तो चिडलाय. तोवर ढीग गेटच्या आत पाण्याच्या टाकीशेजारी घेतो आणि ताडपत्री टाकतो. जाळी आजच साफ करून देतो. पण पंपरूममागचा कोबाही याच फेरीत गेला पाहिजे. माझ्या एकट्यावर बोट नको.

मोघे (सचिव), ए-२०२ (१०:२२)
मान्य. कोब्याचा खर्च सोसायटीच्या खात्यातून, दातेंच्या मलब्याचा दातेंकडून. पोचल्याची पावती दोन्हींची फाइलला लागेल.

खेर, ए-४०२ (१०:२५)
तेव्हा हाच ठराव नामंजूर करणारे आज मान्य म्हणतायत. नोंद असू द्या.

मोघे (सचिव), ए-२०२ (१०:२८)
खेर साहेब, नोंद घेतली. पुढे फ्लॅटचं काम काढणाऱ्याकडून आधी परत मिळणारी ठेव घ्यावी, पावती दाखवली की परत द्यावी, असं सुचवतो. पत्रात मलबा वेगळा ठेवण्याची अटही घालू. मी १०,००० म्हणतो.

शिंदे, बी-२०४ (१०:३०)
५,००० ठीक आहे. भाडेकरू साधा गिझर बदलणार असेल तर त्याला लागू करू नका.

परांजपे काका, बी-२०१ (१०:३१)
ठेवीतून लिफ्टचं नुकसानही कापायचं, हे लिहा.

करमरकर, ए-३०३ (१०:३५)
पार्किंगचे उखडलेले ब्लॉक बदलायचे आहेतच. मलब्यापासून केलेले ब्लॉक मिळतात का याची चौकशी मी करतो. दर आणि नमुना दोन्ही आणतो.

अनघा, बी-१०२ (१०:३७)
साहेब, मी येते तुमच्याबरोबर, गाडी आहे माझ्याकडे.

मोघे (सचिव), ए-२०२ (१०:४०)
छान. रविवारी सकाळी ११ ला सभा, विषय तीन: ठेव, पंपरूममागचा कोबा, पार्किंगचे ब्लॉक. कोरम झाला नाही तर नियमाप्रमाणे अर्ध्या तासानं त्याच जागी. शिंदे, तुम्हीही या.