नवीन पीसी जोडला, बटण दाबल्यावर पंखा जरासा हलतो आणि सगळं बंद. मदत हवी आहे

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

घरीच पीसी असेंबल केला आहे. सगळे भाग नवे, सीलबंद. बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा पाव फेरा फिरतो, मदरबोर्डवरचे दिवे क्षणभर चमकतात, एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) 'टक्' असा आवाज येतो आणि सगळं गपगार. त्यानंतर बटण कितीही दाबा, ढिम्म. एसएमपीएसच्या मागचा खटका बंद करून जरा वेळाने चालू केला की पुन्हा एकदा तोच पाव फेरा आणि तोच टक्.

रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा एटीएक्स मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ४०६०, एक एम.२ एसएसडी, ६५० वॅटचा मॉड्युलर (सुट्या केबल्सचा) एसएमपीएस. बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेटच्या कंपन्या मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच घसरते.

रॅम काढून परत बसवल्या. मदरबोर्डला वीज देणारे २४ पिन आणि ८ पिनचे कनेक्टर कट् आवाज येईपर्यंत दाबले. ग्राफिक्स कार्ड काढूनही पाहिलं. फरक शून्य. एसएमपीएसच खराब आला असेल का? बदलून मागवायचा तर आजच कळवावं लागेल.

उगाचच

सरळ एसएमपीएस बदला. माझ्या भावाच्या पीसीला सेम प्रॉब्लेम होता, बदलल्यावर चालू झाला.

सोल्डरगन

थांबा, इतक्यात काही बदलू नका. लक्षणं तुम्ही नीट लिहिली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे खटका बंद-चालू केल्याशिवाय बटण पुन्हा लागत नाही. कुठेतरी शॉर्ट आहे असं वाटलं की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आणि मुख्य वीज तोडेपर्यंत तसाच अडून बसतो. म्हणजे बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, त्याचं काम करत असतो.

पंखे व्यवस्थित फिरत राहिले असते आणि फक्त डिस्प्ले आला नसता, तर मी रॅम, बायॉस (मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) आणि मॉनिटरची केबल याबद्दल विचारलं असतं. तुमचं प्रकरण त्याच्या आधीच अडलंय.

आधी दोन गोष्टी सांगा.

प्रोसेसरच्या बाजूच्या ८ पिन सॉकेटमध्ये कोणती केबल लावली आहे? ४+४ अशी दुभंगते ती प्रोसेसरची, ६+२ अशी दुभंगते ती ग्राफिक्स कार्डची. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड नेमके उलट बाजूंना असतात. खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीची सहसा बसत नाही, पण जोर लावून बसवलेल्याही पाहिल्या आहेत.

दुसरं, मॉड्युलर केबल्स याच एसएमपीएसच्या खोक्यातल्या आहेत ना? जुन्या एसएमपीएसची एखादी वापरली असेल तर आत्ताच काढा. मदरबोर्डकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी मात्र प्रत्येक कंपनीची आपापली, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी.

धागाकर्ता

केबल्स सगळ्या याच खोक्यातल्या. प्रोसेसरला ४+४ चीच लावली आहे, तिच्यावर सीपीयू असं छापलंय.

रात्रपाळी

एसएमपीएस एकटा तपासून बघायचा असेल तर २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डमधून काढा आणि १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला जोडा. क्लिप असलेल्या रांगेत १३ नंबरकडून मोजली तर ती चौथी. जुन्या रंगीत वायरींमध्ये तीच हिरवी असायची, आता सगळ्याच काळ्या. जोडताना मागचा खटका बंद, मग चालू. कॅबिनेटचा एखादा पंखा एसएमपीएसला जोडून ठेवा, कारण लोड नसताना काही एसएमपीएसचा स्वतःचा पंखा फिरतच नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

सोल्डरगन

हे करायला हरकत नाही, पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस पास झाला असं नाही. लोडवर तो टिकतो की नाही, हे यातून कळत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढला असता. कंटाळवाणं आहे, कूलरसकट सगळं बाहेर येतं, पण निम्मे संशयित एका फटक्यात कमी होतात. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. २४ पिन आणि ४+४, बस्स. एसएसडी नको, ग्राफिक्स कार्ड नको, कॅबिनेटची एकही वायर नको. ७६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, मॉनिटर थेट मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा. बटणाऐवजी पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. कोणत्या दोन ते मॅन्युअलमध्ये बघूनच, अंदाजाने नको.

उगाचच

खोक्यापेक्षा बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवा, स्टॅटिकचा धोका नाही.

सोल्डरगन

अजिबात नको! ती पिशवी बोर्ड आत असताना त्याला वाचवते. तिच्या थरात धातू असतो, तिच्यावर ठेवून बोर्ड चालू करणं म्हणजे नवीन शॉर्टला आमंत्रण. पुठ्ठाच बरा.

धागाकर्ता

अपडेट. बोर्ड बाहेर काढून खोक्यावर ठेवला, सांगितलं तसं सगळं. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पंखा फिरायला लागला, थांबलाच नाही! पण आनंद फार टिकला नाही. स्क्रीन काळीच. मदरबोर्डवर एका कोपऱ्यात चार बारीक दिवे आहेत, त्यातला डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागून राहतो. दोन-तीन मिनिटं वाट बघून बंद केलं. म्हणजे आता रॅमही खराब?

रात्रपाळी

नाही हो, बंद करू नका! या पिढीच्या रायझनवर डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंग चालतं. प्रोसेसर रॅमशी कोणत्या टायमिंगने बोलायचं ते स्वतः शोधून काढतो. तोवर स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा चालू, हे नॉर्मल आहे. कधी मिनिटाभरात होतं, कधी दहा-पंधरा मिनिटंही लागतात. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. चालू करा आणि चहा प्या.

धागाकर्ता

चहा संपायच्या आत बायॉस आलं! प्रोसेसर दिसतोय, रॅम १६ जीबी दिसतेय, तापमान ४०च्या आसपास. दुसरी रॅम चौथ्या स्लॉटमध्ये लावली, पुन्हा थोडा वेळ काळी स्क्रीन आणि मग ३२ जीबी.

मग सगळं उत्साहाने परत कॅबिनेटमध्ये बसवलं, आणि पुन्हा पाव फेरा, टक्, बंद. आता डोकंच चालेनासं झालंय.

सोल्डरगन

उलट आता तर सोपं झालं. बाहेर चालतो, आत नाही. एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर, रॅम चौघंही निर्दोष सुटले. आता कॅबिनेटच्या मागे लागा.

बोर्ड परत काढा आणि कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खुंट) मोजा. एटीएक्स बोर्डाला सहसा नऊ भोकं असतात. प्रत्येक स्टँडऑफच्या वर बोर्डाचं भोक आलंच पाहिजे. जो भोकाखाली येत नाही तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि तिथून थेट पत्र्याला, म्हणजेच ग्राउंडला. कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स या लहान आकाराच्या बोर्डासाठीही जागा असतात आणि त्यांचे खालच्या बाजूचे स्टँडऑफ एटीएक्सच्या भोकांशी जुळत नाहीत. काही कॅबिनेटमध्ये ते कारखान्यातूनच बसवून येतात.

धागाकर्ता

दहा आहेत!!

नऊ भोकांखाली नऊ, आणि दहावा खालच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या जरा खाली. बोर्ड उलटा करून टॉर्च मारला तर नेमक्या त्या जागी सोल्डरचे दोन ठिपके बाकीच्यांपेक्षा चपटे आणि चकचकीत दिसतायत. पक्कडीने स्टँडऑफ काढला, फिरकीचाच होता. बोर्ड बसवला, आधी नुसता, मग एसएसडी, मग ग्राफिक्स कार्ड, दर वेळी चालू करून बघत. चालतोय! मॉनिटर आता ग्राफिक्स कार्डाला लावलाय.

दोन शंका राहिल्या. त्या शॉर्टमुळे बोर्डाचं आतून काही बिघडलं असेल का? आणि कॅबिनेटच्या बटणाभोवतीचा दिवा लागत नाही, बटण मात्र काम करतंय.

सोल्डरगन

एसएमपीएसने प्रत्येक वेळी लगेच हात काढून घेतलाय, त्यामुळे बहुतेक काही नाही. तरी एक-दोन तास मेमरीची चाचणी चालवा आणि सगळे यूएसबी पोर्ट, साउंड, लॅन एकदा वापरून बघा. काही निघालं तर बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं. रॅमचं एक्सपो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग) ही चाचणी पास झाल्यावरच चालू करा, आधी नको. ते चालू केल्यावर पुन्हा एकदा ट्रेनिंग होईल, तेव्हा काळी स्क्रीन बघून खटक्याकडे धावू नका.

रात्रपाळी

दिव्याची वायर उलटी लागली असेल. पॉवर स्विचला प्लस-मायनस नसतं, एलईडीला असतं. काढून फिरवून लावा.

उगाचच

एसएमपीएस बदलायला लागला नाही हे चांगलं झालं.

धागाकर्ता

फिरवली, लागला दिवा. मेमरीची चाचणी चालू आहे, अजून एकही एरर नाही.