कुत्र्याला घरचं जेवण घालायचं, तर वरची पावडर खरंच लागते का?

खाडीपलीकडचा

आमच्या वाडीत यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, भात-मासे घाला, बाकी सगळे चोचले. दुसरा तालुक्याहून खाद्याचं पोतं आणतो आणि घरचं अन्न म्हणजे जणू विष अशा सुरात बोलतो. माझं मत दोघांनाही आवडणार नाही. कोकणात कुत्र्याला घरी शिजवून घालणं जमतं, परवडतं आणि चांगलंही आहे. पण वरून कॅल्शियम आणि बाकीची खनिजं-जीवनसत्त्वं काट्यावर मोजून घातली नाहीत, तर ते अन्न अर्धवट राहतं.

हिशेब मांडतो. १० किलोचा, नसबंदी झालेला गावठी कुत्रा धरा. त्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी लागतात आणि तेवढ्या अन्नातून ८०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळायला हवं. बिनहाडाच्या १०० ग्रॅम चिकनमध्ये ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास, भातात त्याहून कमी. फॉस्फरस मात्र त्याच चिकनमध्ये २०० मिलिग्रॅमच्या घरात. शरीराला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त हवं असतं, इथे सगळं उलटं. मग शरीर ते हाडांतून उचलतं. वाढीच्या वयातल्या पिल्लाचे पाय बघता बघता वाकतात. मोठ्या कुत्र्यात काही दिसायला वर्षं जातात, आणि म्हणूनच 'आमच्याला काही झालं नाही' हे वाक्य इतकं ऐकू येतं.

उपाय महाग नाही. अंड्याची कवचं उकळून, वाळवून मिक्सरला पिठासारखी करायची. चहाचा सपाट अर्धा चमचा म्हणजे साधारण १ ग्रॅम कॅल्शियम. प्रश्न जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वाचा राहतो, आणि तिथेच लोक गळपटतात.

बाबल्याचो भाचो

आमच्या आज्यान कधी काटो घेवन कुत्र्याचा जेवाण मोजूक नाय. पेज, भात, माशाचा पाणी, काय उरात ता. कुत्रो म्हातारो होवन मेलो, पाय सरळच होते. ह्यो पावडरींचो धंदो शेरातल्या लोकांसाठी. तुमी त्येका वायच दर्यार नेवन सोडा, काय व्हया ता आपलो आपण खातलो.

खाडीपलीकडचा

भाच्यानू, तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. तुमच्या आजोबांचा कुत्रा फक्त पेजेवर कधीच जगला नाही. तो वाळत घातलेल्या सुकटीत तोंड घालायचा, कुर्ल्या फोडायचा, उंदीर धरायचा, गाय व्याली की वार पळवायचा. हाडं, कवचं, काळीज, रक्त सगळं त्याच्या पोटात जात होतं. पूरक आहार तो स्वतःच गोळा करायचा. आता त्याच कुत्र्याला चिऱ्याच्या गडग्याआड, लोखंडी गेटात ठेवलंय. त्याच्या जगात आता ताटलीबाहेर काही नाही. ताटली तीच ठेवून बाकीचं जग काढून घेतलं, तर ते भरून कोण देणार?

आणि जे कुत्रे लहानपणीच गेले त्यांची आठवण कोणी ठेवत नाही.

बाबल्याचो भाचो

गेट कोणी घालूक सांगितल्यान?

उधाण

गेट घातलं नाही तर हायवेवर मरतो. असो.

माझं मत स्पष्ट आहे: पाकिटातलं खाद्य. त्यावर 'संपूर्ण आणि संतुलित' लिहिलेलं असेल तर ते कुठल्या वयासाठी हे वाचायचं आणि तेच घालायचं. खाडीपलीकडचे दादा हिशेब करतात, छान. पण शंभरातले किती करतील? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, इंटरनेटवरच्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता आणि ८० टक्क्यांहून जास्त पाककृतींत एकापेक्षा जास्त. 'रोज वेगळं घालतो, त्यात सगळं येतं' हा युक्तिवादही टिकत नाही, कारण बहुतेक पाककृतींत कमी पडणारे घटक तेच ते असतात.

दुसरं, आपल्याकडचा पाऊस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यात वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते. आठवड्याचं शिजवून फ्रीजमध्ये ठेवायची आयडिया पुण्यात चालते.

खाडीपलीकडचा

९५ टक्के पाककृती चुकल्या हे मीही तेच सांगतोय. पाककृती चुकली म्हणजे चूल चुकली असं होत नाही. त्याच विद्यापीठात कुत्र्यासाठी हिशेबाने पाककृती बांधून देतात, पूरक पावडरीच्या मापासकट.

आणि पावसाचं काढलंत म्हणून. उघडलेलं पोतं जुलैत काय होतं ते बघितलंय का? आपल्या हवेत पापड मऊ पडतो तिथे स्निग्ध खाद्य दोन महिने कसं राहणार? वास खवट येतो, खालच्या थराला बुरशी धरते. तालुक्याला तर दुकानदार पोत्यातून सुटं काढून पिशवीत देतो. कधी फोडलं, तारीख काय, देवाला ठाऊक.

२००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलेल्या घटकांमुळे पाळीव प्राण्यांचं खाद्य प्रचंड प्रमाणावर परत मागवावं लागलं. २०१८ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने धान्यविरहित खाद्य आणि कुत्र्यांचा एक हृदयविकार यांचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. पाकीट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे.

उधाण

परत मागवलं, चौकशी झाली. म्हणजे चूक कोणीतरी पकडली. तुमच्या टोपातली चूक कोण पकडणार?

सुट्या खाद्याबद्दल सहमत. ते घेऊच नये. लहान पाकीट घ्या, आहे त्या पाकिटातच घडी घालून हवाबंद डब्यात ठेवा.

मेडिकलवाली

मी तालुक्याला औषधाच्या दुकानात बसते, फार्मासिस्ट आहे. तात्त्विक वादात मला पडायचं नाही. काउंटरवर काय चालतं ते सांगते.

लोक कुत्र्यासाठी म्हणून ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट मागतात. माणसाला आठवड्यातून एक देतात ते. १० किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज १०० युनिटच्याही आत असते. कुत्र्यात विषबाधेची लक्षणं किलोमागे साधारण ४,००० युनिटपासून दिसू शकतात, म्हणजे त्या कुत्र्याला ४०,०००. एक पाकीट त्याच्याही वर. रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं बसतात. माणसांची कॅल्शियमची गोळी साधी वाटते, पण तिच्यात ड किती आहे ते बघा. ५०० युनिट असेल तर रोज एक ही मात्रा एवढ्याशा कुत्र्याला कमाल मर्यादेच्या वर जाते.

दुसरं गिऱ्हाईक गाईंचं कॅल्शियमचं कॅन नेतं. 'जनावरांचंच आहे ना, मॅडम.' त्यातल्या बऱ्याच द्रावणांत कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो. मांस-मासे खाणाऱ्या कुत्र्याला तो आधीच जास्त झालेला. शिवाय ३०० किलोच्या गाईचं माप.

तिसरं, शुगर-फ्री टॉनिक. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, आहे का ते लेबलवर वाचल्याशिवाय कुत्र्याच्या जवळ नेऊ नका. कुत्र्याची साखर धाडकन उतरते.

मल्टिव्हिटॅमिनचं रंगीत सिरप घातलं म्हणजे जेवण पूर्ण झालं, हा सगळ्यात लाडका गैरसमज. बहुतेक बाटल्यांत ब जीवनसत्त्वं भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. जे कमी पडतंय ते त्यात नाही आणि जे आहे ते फारसं कमी पडत नाही.

सडेकरीण

ताई, मग आपली नाचणी का नाही? सगळ्या धान्यांत कॅल्शियम तिच्यात जास्त. आम्ही नाचणीचं आंबील आणि अंडं घालतो. केस चमकतात, शी बांधून होते. अंड्याच्या टरफलाचं पीठ वगैरे मला किळसवाणं वाटतं. उन्हात लोळतो दिवसभर, ड तर फुकटच मिळतं.

खाडीपलीकडचा

सडेकरीणताई, नाचणी चांगलीच. भातापेक्षा कितीतरी बरी. कुत्र्याला धान्य पचत नाही हेही खोटं आहे. २०१३ मध्येच स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात बऱ्याच जास्त असतात. माणसाच्या उकिरड्यावर जगण्याचं बक्षीस.

पण आकडा बघा. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. कुत्र्याच्या निम्म्या कॅलरी नाचणीतून दिल्या तरी जवळपास तेवढीच नाचणी पोटात जाते. म्हणजे निम्मंही भरत नाही. त्यात नाचणीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम आणि जस्त दोन्ही धरून ठेवतं, त्यामुळे आहे तेवढंही पूर्ण अंगी लागत नाही.

उन्हाचं गणित कुत्र्याला लागू नाही. माणसासारखं कातडीत ड तयार करणं त्याला पुरेसं जमत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं.

सडेकरीण

म्हणजे आम्ही करतो ते सगळं चूकच. बरं.

खाडीपलीकडचा

चूक कुठे म्हटलं? आंबील चालू ठेवा, टरफलाचं पीठ पाव चमचा टाका, वास येत नाही.

मिरकरवाड्याची मावशी

तुम्ही सगळे पावडरीच्या मागे लागलात आणि तारलीला विसरलात. तारली, पेडवे, बारीक मासे कुकरला लावा. पाणी बेताचं, शिट्ट्या होऊन द्या, मग मंद गॅसवर अर्धा-पाऊण तास. काटा बोटाने चुरतो. चुरत नसेल तर परत लावा. त्यात कॅल्शियम आलं, ड आलं, आयोडीन आलं, तेल आलं. बंदीच्या काळात सुकट आहे. ती बहुतेक मिठाशिवाय वाळवतात, तरी घेताना विचारून घ्या. खारवलेला सुका बांगडा मात्र नको, मीठ फार.

कच्चे मासे घालू नका. काही माशांत ब-१ मोडणारं द्रव्य असतं, शिजवलं की जातं. तळलेल्या माशाचा काटा घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि कालवण घालणाऱ्या भाच्याला विचारा, वाटपात कांदा किती होता? वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढा कांदा एका वेळी गेला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. १० किलोला ५० ग्रॅम, म्हणजे एक मध्यमही नाही. शिजवून ते जात नाही. लसूण कांद्याहून जहाल.

बाबल्याचो भाचो

मावशे, पाणी घालतंव म्हटलंय, वाटाप न्हय.

उधाण

मावशींचा मुद्दा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. तरी विचारतो, जस्त? तांबं? ई?

खाडीपलीकडचा

काट्यासकट डबाबंद सार्डिनमध्ये, म्हणजे तारलीच्याच जातीच्या माशात, १०० ग्रॅमला ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कुकरची तारली त्याच्या आसपास धरली, तर १०० ग्रॅम घातल्यावर टरफलाचं पीठ निम्म्यावर आणता येतं. हे मला मान्य, आणि आवडलंही.

तांब्यासाठी लोक कलेजी सांगतात आणि घरी कोंबडीची आणतात. कोंबडीच्या कलेजीत तांबं अगदी थोडं. बकऱ्याच्या कलेजीत कितीतरी पट जास्त. पण तीही आठवड्यातून थोडीशीच, अ जीवनसत्त्व साठत जातं. तेलकट मासे वाढवले की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते, ती तारली स्वतः भागवत नाही. जस्तही आपल्या जेवणात कमीच. म्हणजे तारली पुढची निम्मी वाट चालून देते, उरलेल्या वाटेला पावडर लागते. ती कुत्र्याच्या घरगुती जेवणासाठीच बनवलेली हवी, किती कॅलरीच्या जेवणाला किती ग्रॅम हे तिच्यावर छापलेलं हवं. तसं छापलेलं नसेल तर मी घेत नाही.

सडेकरीण

आमच्याकडच्याचं रक्त तपासलंय. कॅल्शियम नॉर्मल. आता बोला.

मेडिकलवाली

रक्तातलं नॉर्मलच येणार, ताई. ते खाली उतरू नये म्हणूनच शरीर हाडं खरवडतं. तिजोरी रिकामी होत असली तरी खिशात पैसे दिसतात. त्या एका आकड्यावरून जेवण बरोबर आहे असं ठरत नाही.

कातळ

एक वेगळी अडचण. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीची मूत्रपिंडं कमजोर झालीत. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची रांग, डॉक्टर भले माणूस, पण म्हणाले 'आहार तुम्हीच बघा'. तिला काट्यासकट तारली चालेल?

मेडिकलवाली

नको. काट्यातून फॉस्फरस भरपूर जातो आणि तिला नेमका तोच कमी करायचाय. तिच्यासाठी या धाग्यातलं एकही माप वापरू नका. शहरातल्या पशुवैद्याला फोनवर रिपोर्ट पाठवून मूत्रपिंडाचा आहार लिहून घ्या, नाहीतर त्या आजारासाठीचं पाकीट. इथे मी उधाणच्या बाजूने.

उधाण

धन्यवाद. पिल्लांसाठीही माझ्या बाजूने या. त्यातून लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड असलं मोठ्या जातीचं पिल्लू. त्याला कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात, जास्त झालं तरी बिघडतात, कारण त्या वयात आलेलं जादा कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही. तिथे 'सपाट अर्धा चमचा' सांगणं म्हणजे जुगार. वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत पाकीट, मग दादांचं काय ते करा.

खाडीपलीकडचा

मोठ्या जातीच्या पिल्लाबाबत मी वाद घालणार नाही. पण गावठी, वाढ पूर्ण झालेला, धडधाकट कुत्रा असेल तर 'शंभरातले किती करतील' हे कारण मला पुरत नाही. जो रोज माशाचा भाव दहा रुपयांवरून घासाघीस करतो, त्याला अर्धा चमचा मोजता येतो.

उधाण

मोजता येतो. मोजतो का, ते विचारतोय. तुमच्या वाडीत तुम्ही सोडून कोणाकडे ग्रॅमचा काटा आहे?

बाबल्याचो भाचो

माज्याकडे आसा. सोनाराचो. पण कुत्र्यासाठी न्हय हां.

मिरकरवाड्याची मावशी

भाच्या, काटा राहू दे. कांदा घालायच्या आधी त्याचं पाणी वेगळं काढ, एवढं केलंस तरी पुष्कळ. आणि टरफलं फेकू नको, माझ्याकडे आणून दे, मी दळून देते.