जाहिरातीचे पैसे घेता ना, मग जबाबदारी पण घ्या – कलम ७९ मधली सूट कुठपर्यंत चालवायची?

गोदाकाठ
आमच्या आत्याचे मिस्टर रिटायर्ड हेडमास्तर. मोबाईलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला, शेअर बाजारातले एक नावाजलेले गृहस्थ सांगतायत की आमच्या ग्रुपला जॉइन व्हा, टिप्स फुकट. व्हिडिओ एआयने बनवलेला आणि वर बारीक अक्षरात 'प्रायोजित'. आधी थोडे पैसे टाकले, ॲपमध्ये नफा दिसायला लागला, मग पीएफच्या पैशातले साडेचार लाख गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली, थोडी रक्कम होल्ड झाली, बाकीची गेली ती गेलीच. ती जाहिरात मी स्वतः रिपोर्ट केली तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही, आणि ती पुढेही दिसतच होती!!

आता कायदा बघा. आयटी ॲक्टचं कलम ७९ म्हणतं की प्लॅटफॉर्म फक्त 'मध्यस्थ' आहे, लोक काय टाकतात त्याला तो जबाबदार नाही. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कुणीतरी एक अश्लील क्लिप विकायला टाकली आणि अटक झाली साइटच्या सीईओंना, त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीत ही सूट मोठी केली गेली. त्या वेळी ते बरोबरच होतं, मला मान्य आहे. पण जाहिरात म्हणजे कुणी येऊन भिंतीवर चिकटवलेला कागद नाही. तिचे पैसे कंपनी घेते, ती मंजूर कंपनी करते, आणि साठीच्या पुढचा, नाशिकचा, शेअर मार्केटचे व्हिडिओ बघणारा माणूस शोधून त्याच्यासमोर नेऊन ठेवते तीही कंपनीच. पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला संपादकाचं नाव आणि पुढे 'पीआरबी कायद्यानुसार (वृत्तपत्र नोंदणीचा जुना कायदा) जबाबदार' हे आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. मग इथे कोणाचंच नाव का नाही?

माझी मागणी एवढीच आहे, पैसे घेऊन दाखवलेला मजकूर कलम ७९ च्या सुटीतून बाहेर काढा.

मोकळा_श्वास
काकांबद्दल वाईट वाटलं, पण मागणीला माझा विरोध आहे आणि तो का ते सांगते. २०१२ चा नोव्हेंबर आठवा. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की बंद कशासाठी. तिला अटक झाली आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या मैत्रिणीलाही झाली, वर पोस्ट लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच. आयटी ॲक्टचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिण्याचा गुन्हा, लावलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्याच निकालात कलम ७९ बद्दलही सांगितलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारी नोटिफिकेशन आल्याशिवाय मजकूर काढायची सक्ती नाही. ही भिंत आहे म्हणून तुम्ही-आम्ही नगरसेवकाच्या विरोधात दोन ओळी लिहू शकतो. कंपनीवर जबाबदारी टाकली की ती वाद घालत बसणार नाही, कोणी नोटीस पाठवली की सरळ उडवून मोकळी होईल. आणि नोटिसा कोण पाठवतं? ज्यांच्याकडे वकील आहेत ते, काका नाही.

गोदाकाठ
ताई, मी पोस्टबद्दल बोलतच नाहीये, फक्त जाहिरातीबद्दल बोलतोय. पालघरच्या मुलीने कुणाला पैसे दिले नव्हते.

मोकळा_श्वास
आज जाहिरात, उद्या 'दिशाभूल करणारा मजकूर'. २०२३ मध्ये सरकारने नियमात घातलंच होतं ना की केंद्राबद्दलची बातमी खोटी आहे की नाही ते सरकारचं फॅक्ट चेक युनिट ठरवणार, तेही या सुटीलाच जोडून. मुंबई हायकोर्टात आधी दोन न्यायमूर्तींची मतं फुटली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांनी निकाल दिला तेव्हा कुठे ते रद्द झालं. ही सूट कापायची सत्ता म्हणजे सरकारच्या हातातलं हत्यार आहे, ती कात्री त्यांच्या हातात देऊ नका.

कोर्टाची_पायरी
वकिली करते म्हणून थोडं लिहिते. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कलम ७९(२) नीट वाचा, सूट बिनशर्त नाहीये. नुसती वाट देण्यापलीकडे काम असेल तर मध्यस्थाने मजकूर स्वतः पाठवायला सुरुवात केलेली नसावी, तो कोणाला जाणार हे निवडलेलं नसावं, मजकूर निवडला-बदललेला नसावा, शिवाय योग्य ती काळजी घेतलेली असावी. जाहिरातीत 'कोणाला जाणार' हे निवडणं हाच तर धंदा आहे. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये डीआरएस लॉजिस्टिक्स कंपनीच्या ट्रेडमार्कच्या केसमध्ये म्हटलंय की जाहिरातींच्या बाबतीत गूगल नुसता प्रेक्षक नाही, सक्रिय भागीदार आहे, आणि ट्रेडमार्कचं उल्लंघन झालं तर ही सूट मागता येणार नाही. म्हणजे गोदाकाठ यांना हवाय तो मार्ग आत्ताच्या कायद्यातही दिसतोय, अडचण अशी की साडेचार लाखांसाठी हायकोर्टात कोण जाणार. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजार) प्रमुखांचे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे व्हिडिओ फिरले तेव्हा एनएसई मुंबई हायकोर्टात गेली आणि जुलै २०२४ मध्ये तक्रार आल्यापासून १० तासांत व्हिडिओ काढा असा आदेश मिळवला. सचिन तेंडुलकरच्या गेमिंग ॲपवाल्या डीपफेकवरही लगेच एफआयआर झाला. सामान्य माणसाला तो वेग मिळत नाही, माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे.

पांझराकाठचा
मी धुळ्याचा. तुमची सगळी चर्चा जाहिरातीवर चाललीय, आमच्याकडे माणसं मेली त्यात जाहिरात नव्हती. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, पोरं पळवणारे आले म्हणून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले, पाचही जण गेले. आधी कितीतरी दिवस मोबाईलवर पोरं चोरणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता, मोटारसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, तो शेवटच कापून टाकलेला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं. म्हणजे करता येत होतं ना? मग आधी का नाही केलं?

मोकळा_श्वास
दादा, राईनपाडा वाचून अंगावर काटा येतो. पण मारणारे हात माणसांचे होते, त्यातल्या सात जणांना २०२४ मध्ये धुळे कोर्टाने जन्मठेप दिली. व्हॉट्सॲपला मेसेज वाचताच येत नाहीत, तिथे जबाबदारी टाकायची म्हणजे कुलूप फोडायला लावायचं. पहिला मेसेज कोणी पाठवला ते शोधून द्या हा २०२१ चा नियम तेवढ्यासाठीच दिल्ली हायकोर्टात अडकलाय. पत्रकार, बलात्कार पीडित मुली, सगळ्यांचं कुलूप एकच आहे.

पांझराकाठचा
मेसेज वाचा असं मी म्हणतच नाही. फॉरवर्डचं बटण किती सैल ठेवायचं हे कंपनी ठरवते, त्याचं उत्तर कंपनीने द्यावं. भिक्षेकऱ्याच्या बायकापोरांना कोणी विचारलं का की कुलूप महत्त्वाचं की काय.

जर्सीकर_मामा
न्यू जर्सीहून. इकडे १९९६ चं कलम २३० आहे, तुमच्या ७९ पेक्षा कितीतरी भक्कम. इकडच्या सुप्रीम कोर्टात २०२३ मध्ये गोन्झालेझ विरुद्ध गूगल आलं आणि कोर्टाने २३० ला हातच लावला नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या भागातल्या फेडरल अपील कोर्टाने टिकटॉकच्या केसमध्ये वेगळं म्हटलं. पेनसिल्व्हेनियातली १० वर्षांची मुलगी, गळा आवळायच्या 'ब्लॅकआउट चॅलेंज'मध्ये दगावली, तो व्हिडिओ तिने शोधला नव्हता, ॲपने 'तुमच्यासाठी' म्हणून समोर आणला होता. कोर्ट म्हणालं की अशी शिफारस हे कंपनीचं स्वतःचं बोलणं आहे, त्याला २३० चं संरक्षण नाही. लोकांनी काय टाकलं आणि कंपनीने काय ढकललं हा फरक मला तरी पटतो, आणि मोकळा_श्वास, यात पालघरची मुलगी सुरक्षित राहते.

मोकळा_श्वास
फरक पटतो, नाही म्हणत नाही. पण फीडच आता सगळी शिफारसीची आहे मामा, काय ढकललेलं नाही ते सांगा? माझी पोस्ट शंभर लोकांना दिसली तीही कोणीतरी ढकलली म्हणूनच. जाहिरातीपुरती रेघ ओढत असाल तर मी विचार करेन, शिफारसीपर्यंत नेली तर माझा विरोध कायम.

गोदाकाठ
चालेल, तिथूनच सुरू करू. जाहिरात देणारा कोण, त्याची केवायसी झाली का, पैसे कुठल्या खात्यातून आले, हे कंपनीने जाहिरातीसोबत जपून ठेवावं आणि फसवणूक झाली तर पोलिसांना त्याच दिवशी द्यावं, नाही दिलं तर नुकसान कंपनीने भरावं. वकील मॅडम, ग्राहक आयोगात असा दावा टिकेल का? काकांची कागदपत्रं, स्क्रीनशॉट सगळं आहे माझ्याकडे.

कोर्टाची_पायरी
पहिली अडचण 'ग्राहक' कोण यावर येईल, काकांनी प्लॅटफॉर्मला पैसे दिलेले नाहीत. पण २०१९ च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, तो रस्ता आधी बघा. स्क्रीनशॉटमध्ये 'प्रायोजित' शब्द आणि तारीख दोन्ही दिसतायत ना, ते तपासून मला मेसेज करा.