फिनलंडमधलं लाहती : फेब्रुवारीअखेर चौघांची सहल, नेमकी तयारी काय?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं ठाण्याहून पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी फिनलंडला जायचं ठरवतोय : नवरा, मी, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय 67, रक्तदाबाची गोळी चालू). लॅपलँडला न जाता लाहती निवडलं आहे. तळ्याकाठचं शहर आहे, हेलसिंकीपासून जवळ आहे आणि मुलीला स्की जंपिंग (उंच उतरणीवरून सुटून स्कीवर मारायची लांब उडी) प्रत्यक्ष बघायचं आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर स्कीवर पाय ठेवलेला नाही.

हेलसिंकीत राहून एका दिवसात लाहती करावं की तिथेच मुक्काम ठोकावा? भाड्याने स्की घेताना काय बघायचं? गोठलेल्या तळ्यावर लोक बिनधास्त चालतात असं दिसतं, ते कितपत सुरक्षित? सासूबाईंना हॉटेलात बसवून ठेवायचं नाहीये. आणि आम्ही शाकाहारी आहोत.

बेलापूर_जंक्शन

मुक्काम लाहतीतच करा, निदान तीन रात्री. फेब्रुवारीअखेर तिथे साधारण दहा तास उजेड असतो. रोज हेलसिंकीहून ये-जा केलीत तर त्यातले अडीच-तीन तास स्टेशनं आणि गाड्यांतच जातील. स्कीचं सामान परत करायची घाई होईल ती वेगळीच.

विमानतळावरून हेलसिंकी शहरात जायची गरज नाही. विमानतळाच्या खालीच लोकल स्टेशन आहे. तिथून 'पी' गाडी पकडा, ती आठ-दहा मिनिटांत टिक्कुरिलाला पोचवते. त्याच फलाटांवर 'आय' गाडीही येते, पण ती उलट्या दिशेने वळसा घालून हेलसिंकीला जाते. गोंधळ नेहमी इथेच होतो. टिक्कुरिलाला लाहतीची गाडी घ्या. 'झेड' ही लोकल शेवटपर्यंत लाहतीलाच जाते. लांब पल्ल्याच्या गाडीवर मात्र 'लाहती' लिहिलेलं नसतं, जोएन्सू किंवा कुओपिओ अशी शेवटच्या स्टेशनांची नावं असतात. कर्जत लोकलवर 'ठाणे' शोधण्यासारखंच ते. 2006 मध्ये केरावा ते लाहती हा थेट मार्ग सुरू झाल्यापासून हेलसिंकी-लाहती प्रवास तासाभरात होतो. लांब पल्ल्याचं तिकीट आधी काढलंत तर स्वस्त पडतं, पण विमानाला उशीर झाला तर ते ठरावीक गाडीचं तिकीट वाया जातं. विमानतळावरून लाहतीला येताना झेड, परत विमानतळाकडे जाताना आधी काढलेलं तिकीट, असं धरा.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. मोठ्यांची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45. विमा किमान 30,000 युरोचा हवा. विमा घेताना 'स्कीइंग धरलं आहे का' हे लेखी विचारा. अनेक पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात आणि ते दावा करायच्या वेळीच कळतं. तयार केलेल्या सपाट वाटेवरचं क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि डोंगरउतारावरचं स्कीइंग यांत विमा कंपन्या फरक करतात, म्हणून दोन्ही शब्द घालून विचारा.

हिमरेषा

स्कीबद्दल सविस्तर लिहिते, कारण पहिला तास बिघडला की लोक पुन्हा स्कीला हात लावत नाहीत.

लाहती हे मुख्यतः क्रॉस-कंट्रीचं, म्हणजे सपाट आणि चढउताराच्या वाटांवर स्वतःच्या ताकदीने सरकत जाण्याचं गाव आहे. नॉर्डिक स्कीची (क्रॉस-कंट्री, जंपिंग वगैरे) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे 1926 पासून 2017 पर्यंत सात वेळा झाली. वाटा स्टेडियमपासूनच जंगलात शिरतात. नैसर्गिक हिमावरच्या वाटा फुकट असतात, कृत्रिम हिमाच्या वाटेला काही वेळा शुल्क असतं. बऱ्याच वाटांवर रात्री दिवे असतात.

भाड्याने घेताना 'क्लासिक' पद्धतीचीच स्की मागा, 'स्केटिंग'ची (पाय तिरपे बाहेर ढकलत जायची) नको. क्लासिकमध्ये पाय दोन समांतर खाचांतून पुढे सरकतात, चालण्याच्या जवळचं आहे ते. त्यातही मधल्या भागाखाली केसाळ पट्टी चिकटवलेली स्की घ्या. ती पुढे घसरते आणि मागे अडते, त्यामुळे मेण लावायची कटकट नाही.

स्कीची लांबी ढोबळमानाने उंचीपेक्षा 15 ते 20 सेंमी जास्त, नवशिक्यांना थोडी कमी चालते. पण खरी गोष्ट वजन. स्की मध्यभागी कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखा भार दिला की मधली पट्टी हिमापासून वर राहायला हवी आणि एका पायावर सगळा भार दिला की ती टेकायला हवी. दुकानदार पायाखाली कागद सरकवून हेच बघतो : दोन पायांवर कागद हलला पाहिजे, एका पायावर अडकला पाहिजे. त्यामुळे वजन खरं सांगा. कमी सांगितलंत तर मऊ स्की मिळेल आणि ती सतत घासत राहील. जास्त सांगितलंत तर पट्टी टेकणारच नाही आणि चढावर मागे घसराल.

काठ्या उंचीच्या 83-85 टक्के. 160 सेंमी उंचीला 135 च्या आसपास. काठीच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. वरून हात घातला तर ढकलताना सगळा जोर बोटांवर येतो. बुटांत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बूट म्हणजे रक्तपुरवठा कमी आणि पाय गार. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट करण्यापेक्षा लोकरीचा एकच चांगला.

पहिली पंधरा मिनिटं काठ्यांशिवाय, सपाट जागी. एका पायावर पूर्ण भार, दुसरा पुढे, मग बदल. लोक दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा भार ठेवून पाय फरफटवतात, मग पट्टी टेकत नाही आणि जागच्या जागी घसरतात. उतारावर गुडघे वाकवा. थांबायचं असेल तर खाचांतून बाहेर या, टाचा बाहेर ढकला, टोकं जवळ. तोल गेलाच तर बाजूला, कुल्ल्यावर बसा. पुढे हात टेकून पडलात तर मनगट जातं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता पुन्हा निघाल.

तापमान शून्याच्या आसपास असेल आणि ताजं हिम ओलं असेल तर केसाळ पट्टीखाली बर्फाचे गोळे चिकटतात. पायाखाली उंच टाच आल्यासारखं वाटतं. त्यावर फवारा मिळतो, भाड्याच्या दुकानातच मारून मागा. याउलट उणे 15 च्या खाली हिम वाळूसारखं कोरडं होतं आणि स्की सरकतच नाही. त्या दिवशी दम लवकर लागतो, चूक तुमची नसते.

वाटेचे नियम : खाचांवरून बुटांनी चालायचं नाही, दिशेचे बाण असतात त्याप्रमाणेच जायचं, थांबलात तर बाजूला व्हायचं. मोकळ्या रुंद पट्ट्यावर स्केटिंगवाले जोरात येतात.

ठाण्यात तयारी म्हणून येऊरचा चढ आठवड्यातून तीनदा चढा आणि रोज घरी एका पायावर दोन-दोन मिनिटं उभे राहा. स्कीचा अर्धा भाग तोच आहे.

कासारवडवलीकर

खूप आभार, वजनाचा मुद्दा माहीतच नव्हता. कपड्यांचं काय? आमच्याकडे सुती थर्मल आणि जाड जॅकेट आहेत.

हिमरेषा

सुती थर्मल घरी ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम गार पडून अंग काकडतं. जीन्सही तशीच. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, वर पातळ फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट.

सरकतानाचे कपडे वेगळे आणि उभं राहून स्पर्धा बघायचे कपडे वेगळे. स्कीवर निघताना जरा थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं. तुमचं जाड जॅकेट प्रेक्षक म्हणून उभं राहायला बरोबर आहे. उभं राहताना पायाखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे टाका. गारठा हवेपेक्षा जमिनीतून जास्त चढतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी अर्ध्यावरून एकदम बंद पडते.

उपवनकाठ

तळ्याबद्दल. वेसीयार्वी सुमारे 110 चौ. किमीचं तळं आहे, आपल्या मासुंद्याच्या मापाने विचार करू नका. नावाचा अर्थच 'पाणी-तळं'. त्यावर चालता येतं, मासेमारी चालते, चांगल्या हिवाळ्यात बर्फावरच्या स्केटिंगची (पात्याचे बूट घालून घसरण्याची) वाटही साफ करतात. पण 'लोक चालतायत' एवढ्यावर पाऊल टाकू नका.

टणक, काचेसारखा पारदर्शक बर्फ किमान 10 सेंमी असेल तर पायी माणसाला पुरतो. पांढरा, हिम भिजून गोठलेला बर्फ त्याच्या निम्मी ताकद देतो. म्हणजे 10 सेंमी पांढरा असेल तर तो 5 सेंमीच समजा. पातळ जागा ठरलेल्या : पुलाखाली, खाडीच्या अरुंद तोंडाशी, नाला किंवा गटार मिळतं तिथे, धक्क्याच्या आणि बोटींच्या कडेला, लव्हाळ्यांपाशी. मार्चमध्ये ऊन लागलं की बर्फ जाड राहूनही आतून उभ्या सुयांसारखा सुटा होतो. सकाळी टणक, दुपारी दगाबाज. म्हणून जायचं तर सकाळीच, स्थानिक मंडळींनी मळवलेल्या वाटेवरून, आणि आधी हॉटेलात किंवा पर्यटन कार्यालयात विचारून.

प्रत्येकाच्या गळ्यात 'यानास्कालित' हवेत. लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीचे दोन टोकदार खिळे असतात, दोरीने जोडलेले, कुठल्याही क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. पडलात तर आलात त्याच दिशेला तोंड करा (तो बर्फ तुम्हाला पेलत होता), खिळे कडेवर रोवा, पाय पाण्यात जोरात मारत पोटावर वर सरका. उठून उभे राहू नका, लोळत लांब जा. दुसऱ्याने जवळ धावायचं नाही, आडवं पडून काठी किंवा मफलर पुढे करायचा. मदतीसाठी 112.

ठाणेकरांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शहराचं सांडपाणी 1976 पर्यंत याच तळ्यात जात होतं आणि उन्हाळ्यात ते हिरव्या शेवाळाने भरायचं. सांडपाणी वळवूनही पाणी सुधारेना, कारण तळाच्या गाळात साठलेलं फॉस्फरस सुटत राहिलं. मग 1989 ते 1993 या काळात दहा लाख किलोंहून जास्त छोटे मासे काढले, म्हणजे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव वाढावेत. पाणी निवळलं. काठावर उभे राहाल तेव्हा मुलीला हे जरूर सांगा.

सासूबाईंसाठी 'पोत्कुकेल्का' शोधा. खुर्ची बसवलेली ढकलघसरगाडी : पुढे एक जण बसतो, मागचा एका पायाने ढकलतो. त्यांना बसवून बंदराजवळच्या गोठलेल्या वाटेवर फिरवता येईल. ज्या फुटपाथवर खडी टाकली आहे तिथे ती चालत नाही. आणि बुटांवर चढवायचे खिळेवाले पट्टे सगळ्यांनाच घ्या. बर्फावर पाण्याचा थर आला की त्याहून निसरडं काही नसतं. दुकानात शिरताना ते काढा, फरशीवर तेच पट्टे घसरतात.

सौना (तिथलं गरम खोलीतलं वाफेचं स्नान) घ्यायची तर त्यांनी आधी इथल्या डॉक्टरांना विचारावं. घेतलीच तर खालच्या बाकावर बसावं. गोठलेल्या तळ्याच्या भोकात उतरणं त्यांना नकोच.

टेलेमार्क

मुलीसाठी जंपिंगचं गणित, म्हणजे स्पर्धा कळेल. लाहतीत उडीच्या तीन मोठ्या उतरणी शेजारी-शेजारी आहेत. सर्वांत मोठीचा के-बिंदू (गुण मोजायची आधाररेषा) 116 मीटरवर आणि माप एचएस (हिल साइज, उतरणीचा आकार) 130. बरोबर 116 मीटर गेलं की अंतराचे 60 गुण. पुढच्या प्रत्येक मीटरला 1.8 वाढतात, मागे पडलं तर तेवढेच कापतात. 120 मीटर म्हणजे 67.2. शैलीसाठी पाच पंच, प्रत्येकी कमाल 20, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळतात. एक पाय पुढे, गुडघा वाकलेला, हात पसरलेले, अशी उतरण्याची पद्धत म्हणजे टेलेमार्क. ती नसेल तर शैलीचे गुण जातात. समोरून वारा आला तर उडी लांबते म्हणून गुण वजा, पाठीमागून आला तर अधिक. म्हणूनच सर्वांत लांब उडीवाला दुसरा येतो आणि नवखे प्रेक्षक चक्रावतात. वाऱ्यामुळे खोळंबाही बराच होतो, योगा मॅटचा सल्ला तिथे कामी येईल.

लाहतीची सालपाउसेल्का स्की स्पर्धा 1923 पासून भरते, सहसा फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. तारीख दरवर्षी सरकते, म्हणून तिकिटं आणि तारीख बघूनच विमानाचं ठरवा. त्या आठवड्यात हॉटेलं भरतात आणि स्टेडियमजवळच्या वाटा सर्वांना खुल्या नसतात. स्की शिकायला स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस धरा. मुलीला तिथलं स्की संग्रहालय दाखवा. हा सगळा उंचवटा, सालपाउसेल्का, हिमयुगाच्या शेवटी हिमनदीच्या कडेला, मुख्यतः तिच्या वितळत्या पाण्याने आणून साठवलेल्या वाळू-खडीचा आहे. सपाट मुलखात उडीला टेकडी मिळाली ती त्यामुळे. शहराचं पिण्याचं पाणीही त्याच वाळूतून गाळलेलं भूजल आहे. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या.

बेलापूर_जंक्शन

खाण्याचं राहिलं. आठवड्याच्या दिवशी साडेदहा-अकरा ते दोन 'लोउनास' म्हणजे दुपारचं बुफे जेवण असतं, बाहेर जेवायचा सर्वांत परवडणारा मार्ग तोच. पाटीवर 'कास्विस' म्हणजे भाज्यांचं, पण त्यात अंडं किंवा चीज असू शकतं. 'वेगानी' म्हणजे दोन्ही नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

इथून नेताना : दूध, पनीर, तूप, पेढे, बर्फी नको. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सामानात नेता येत नाहीत. ताजी फळं-भाज्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून कढीपत्ता, मिरच्या, लिंबं राहू द्या. केळी, अननस, नारळ, खजूर यांना सूट आहे. भाजणी, मेतकूट, पोहे, कोरड्या चटण्या बिनदिक्कत न्या. सासूबाईंच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं. ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळणार नाही.

कासारवडवलीकर

तारखा जाहीर झाल्या की तिकिटं काढतो. सासूबाईंनी ढकलघसरगाडीचा फोटो बघून लगेच होकार दिला आहे. येऊर उद्या सकाळपासून सुरू.